दादा, मशीन डावीकडेच राहिलं

दादा,

तुझी बोट अजून धरणावरच आहे, ताडपत्रीखाली. तेरवी झाली. पाहुणे गेले. भाड्याच्या सतरंज्या परत केल्या. तुझी नीलू परवा कॅनडाला परतली. निघताना माझ्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "आत्या, तू पण रडून घे ना थोडं." मी म्हटलं, घेईन. पण ते येत नाही. मी स्वयंपाक करते, भांडी लावते, भेटायला येणाऱ्यांना तू कसा गेलास ते पहिल्यापासून सांगते, आणि सांगताना माझा आवाज मला बातम्या वाचणाऱ्या बाईसारखा ऐकू येतो. लकव्यानं गेलेल्या तुझ्या उजव्या हाताबद्दल तू एकदा म्हणाला होतास, चिमटा काढला तर शेजारच्या माणसाले काढल्यावानी वाटते. मला सध्या सगळ्या अंगानं तसं वाटतं आहे.

रडण्यापेक्षा तुझ्याशी बोलणं मला सोपं. साठी उलटल्यावरही आपण बहीणभाऊ भांडत होतो, आणि शेवटचं भांडण तर अर्धंच राहिलं. बोटीवरचं मशीन डावीकडे की उजवीकडे.

पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात नकाशे काढण्यात तुझी सगळी नोकरी सरली. पुसदच्या बाजारात कुणी भेटलं तर तू त्याच्याशी सोयाबीनचं बोलायचास, पण डोक्यात धरणाच्या पाण्याखालचा नकाशा असायचा. जुनी नदी कुठून वळत होती, गावठाणाची विहीर कुठे बुडाली, आमराई कुठे. निवृत्त झाल्यावर तू फायबरची लहान बोट घेतलीस, मच्छीमार सोसायटीकडून गळ टाकण्यापुरती परवानगी मिळवलीस आणि रविवारची सकाळ धरणाला देऊन टाकलीस. मी आयटीआयमध्ये वायरिंग शिकवणारी, त्यामुळे बोटीचं इंजिन आणि बॅटरी आपोआप माझ्याकडे आली. सुलोचनावहिनी कधी आल्या नाहीत. त्यांना पाण्याची भीती. डबा हातात देऊन त्या फाटकातून मागे फिरायच्या.

नीलूकडे गेला होतास तेव्हा तिथल्या मोठ्या तळ्यावर तू गळ खोल पाण्यात नेणारा डाउनरिगर पाहिलास, आणि हातानं फिरवायचा एक सामानात घालून आणलास. मला तो समजेना, तर चहाच्या टेबलावर सुतळी आणि लिंबू घेऊन तू समजावलंस. चाकावर पोलादी तार, तारेच्या टोकाला शिशाचा गोळा. गळाची तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, गोळ्याच्या वर एका चिमट्यात अडकवायची आणि गोळा खाली सोडायचा. मग बोट चालत असतानाही गळ पाहिजे तेवढ्या खोलीवर राहतो. मासा लागला की तंगूस चिमट्यातून सुटते, मासा राहतो नुसत्या गळावर, आणि गोळा चाक फिरवून वर घ्यायचा.

"उन्हाळ्यात मोठा मासा जुन्या नदीच्या पात्रात जाऊन बसते," तू म्हणालास. "वरून वरून गळ फिरवून काय फायदा? त्याच्या घरी जा लागते."

ते चाक तू दोन उन्हाळे फिरवलंस. गोळा वर घेताना तुझा श्वास फुलायचा, दात आवळले जायचे. बोटीवर तू बोलत नसायचास. मीही नाही.

मग गेल्या हिवाळ्यात लकवा झाला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. पायात जीव होता, डोकं शाबूत होतं, पण दवाखान्यातून आल्यावर तू समोरच्या खोलीतल्या दिवाणावर जो बसलास तो बसलासच. कुणी काही विचारलं तर मान हलवायचास. पाहुण्यांसमोर तर तेवढंही नाही. मी आले की वहिनी माझ्याकडे बघायच्या आणि हळूच म्हणायच्या, "आजबी काहीच नाही बोलले." मी बोटीचं नाव काढलं तर तू डाव्या हातानं हवेत चाक फिरवून दाखवलंस आणि हात खाली टाकलास. चाक फिरवणार कोण, एवढंच तुला म्हणायचं होतं.

त्या रात्री मी नीलूला फोन केला. हातानं फिरवायच्या मशीनला विजेवर चालणारा भाऊ असणारच, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

निवड करताना आपण किती भांडलो. नीलूनं तिकडच्या दुकानातून फोटो पाठवले. तुझा डोळा लांब हाताच्या मशीनवर, जसं तिथल्या मोठ्या बोटींना होतं. तुझं बोट फोनवर त्याच फोटोपाशी जाऊन थांबायचं.

"हे... हे."

"ते मोठ्या बोटीचं हाये, दादा. एवढा लांब हात आपल्या बोटीले बसवला आन् गोळा बाहेर लटकला, तर बोट एका अंगाला झुकन."

"मस्त... हाये."

"मस्त हाये. पण आपल्या कामाचं नाही."

मला आखूड हाताचं हवं होतं. गोळा पाण्याच्या वर आला की आपोआप थांबणारं हवं होतं, कारण वेळेवर बटण सोडायचं तुला जमलं नाही तर गोळा उसळून बोटीवर आपटला असता. बॅटरी कमी खाणारं हवं होतं. खाली फिरतं बूड हवं होतं, म्हणजे काठाला लागताना मशीन आत वळवता येईल. आणि बटण. नीलू दुकानात उभी राहून व्हिडिओ कॉलवर दाखवत होती. मी विचारलं, एका बोटानं दाबता येते का? ती म्हणाली, "आत्या, करंगळीनं पण येतं बघ," आणि करंगळीनं दाबून दाखवलं. तार गुणगुणत खाली गेली. तू फोनकडून तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिलास. मला वाटलं, तुला वाईट वाटलं. थोड्या वेळानं तू म्हणालास, "दोन."

"कायले दोन?"

"दोन... बाजू."

मी म्हटलं, आधी एक तर बसवू.

नीलूच्या ओळखीचं कुणी नागपूरला येत होतं, त्याच्या सामानातून मशीन आलं. बोट टेम्पोत घालून माझ्या अंगणात आणवली. तुला प्लास्टिकच्या खुर्चीवर कडुनिंबाखाली बसवलं. बोटीची कड पोकळ आणि पातळ, नुसत्या फायबरला बोल्ट मारले असते तर पहिल्याच झटक्यात उपटून आले असते. म्हणून खालून सागाची फळी लावायची ठरवली होती. फळी मी रंधून, तेल पाजून तयार ठेवली होती. न गंजणारे बोल्ट, मोठे वायसर, भोकांत भरायला सिलिकॉन. सगळं मांडून झालं आणि मी डाव्या कडेवर पेन्सिलीनं खुणा करायला लागले, तर तू खुर्चीवरून काठी आपटलीस.

"उजवीकडे."

"तुया डावा हात चालते. बटण डाव्या हाताजवळ पाह्यजे."

"उजवीकडे."

"काहून पण?"

तू डाव्या हातानं उजवा हात उचललास, एखादी वस्तू उचलावी तसा, आणि बोटीच्या कडेवर ठेवलास. "याले," तू म्हणालास, आणि पुढचा शब्द यायला बराच वेळ लागला, "काम... पाह्यजे."

मी म्हटलं, "त्याले काम घरी दे. रबराचा चेंडू आणला न डॉक्टरनं सांगितला तो? पाण्यावर गोळा वेळेवर वर आला पाह्यजे. तिथं व्यायाम नोको."

तू खुर्ची फिरवून घेतलीस आणि माझ्याकडे पाठ करून बसलास. मी ड्रिल लावलं. तुझ्या शर्टावर फायबरचा पांढरा भुगा उडत होता आणि तू झटकत नव्हतास. दादा, माझं मत अजूनही तेच आहे. मी मशीन बरोबर बाजूला बसवलं.

वायरिंगच्या वेळी मात्र तू परत वळलास. इंजिनच्या बॅटरीवर मशीन लावायचं नाही, वेगळी बॅटरी ठेवायची, म्हणजे गोळ्यानं बॅटरी संपवली तरी घरी येता येतं. फ्यूज बॅटरीजवळच. वायर आतल्या कडेनं, पायात येणार नाही अशी. मी एकेक क्लिप ठोकत गेले आणि तू मागून डाव्या हातानं वायर ओढून बघत आलास. एक क्लिप सैल निघाली. तू ती माझ्या हातात ठेवलीस. मशीनला करंट दिला तेव्हा कामाच्या नादात मी वर्गातल्या सवयीनं तुलाच म्हटलं, "आता दाबा बरं, पोरहो." तू हसल्यासारखं केलंस.

पहिल्या फेरीला तुला बोटीत चढवायला सोसायटीची दोन माणसं लागली. मी मागे इंजिनवर, तू मधल्या फळीवर, तोंड पुढे करून, थोडा तिरपा. जुन्या पात्रावर आल्यावर मी वेग कमी केला. तंगूस चिमट्यात मीच अडकवली. बटण तुझ्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. तू डावा हात मांडीखाली दाबलास आणि उजवा हात पोटावरून सरकवत पलीकडे न्यायला लागलास. बोट चालत होती, ऊन वर येत होतं. हात पोहोचायचा, घसरायचा. मी बघत बसले. शेवटी तुझी तर्जनी बटणावर टेकली आणि गोळा खाली गेला.

मग तो अडकला.

पाण्याखालच्या कुठल्या तरी झाडाच्या खोडात असणार. तार ताणली, बोटीचा डावा कोपरा दबला आणि कडेवरून पाणी आत यायला लागलं. इंजिन पुढे ढकलतच होतं. मी मशीनकडे धावू की इंजिन सांभाळू, हे मला सुचेना. आणि तू ओरडलास, "इंजिन बंद कर."

मी बंद केलं. तू डाव्या हातानं चाकाचा ब्रेक ढिला केलास, तार सरसर सुटली आणि बोट सरळ झाली. आपण दोघं भिजलेल्या पायांनी बसून राहिलो. चारही बोल्ट जागच्या जागी होते.

मी म्हटलं, "काय म्हणलास तू?"

तू पुन्हा म्हणायला गेलास. "इंजि... बन्... कर." नाही जमलं. पण मघाशी जमलं होतं. पुरं वाक्य, जसंच्या तसं, ऑफिसात शिपायाला हाक मारायचास त्या आवाजात. तू हसायला लागलास. अर्धंच तोंड हसत होतं, पण मनापासून. मग बोट उलट बाजूनं फिरवून आपण गोळा खोडातून सोडवला.

त्या दिवसापासून तू बोलायला लागलास. घरी नाही, बोटीवर. चाक फिरवायचं काम आता तुझ्याकडे नव्हतं. बटण दाबलं की गोळा आपला गुणगुणत जायचा, आणि पुढे तास तास तुझे हात रिकामे, श्वास शिल्लक. आधी पाण्याखालच्या जागांची नावं. आमराई. गावठाण. मारुतीचा पार. एकेक अक्षर लावून. चुकलं की मी सांगायची, तू परत म्हणायचास. मी विचारलं, घरी काहून बोलत नाहीस? तू म्हणालास, "घरी सगळे... तोंडाकडे पाह्यते. वाकडं तोंड. इथं पाण्याले... काय दिसते."

मग एका रविवारी गोळा खाली गेल्यावर तू म्हणालास, "सुओना."

मला कळलं नाही. तू परत म्हणालास. "सु... ओ... ना." आणि कपाळावर डावा हात मारून घेतलास.

सुलोचना. लग्न झाल्यापासून तू वहिनींना पुऱ्या नावानं हाक मारायचास. या खोलीतून त्या खोलीत, फाटकातून, गच्चीवरून. आपल्या आईला ते आवडायचं नाही आणि तू सोडायचा नाहीस. शेजाऱ्यांना घड्याळ लागायचं नाही, तुझी हाक आली की ऑफिस सुटलं. लकव्यानंतर ती बंद झाली, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"ल पडते," तू म्हणालास. "च पडते. मंग राह्यलं काय?" आणि थोडं थांबून, "पाणी पाह्यजे, तर चमचा वाजवतो मी. बायकोले... चमच्यानं बोलावतो."

मी इंजिनचा वेग उगीच कमी-जास्त केला.

मग दर रविवारी तेच. गोळा खाली गेला की तू सुरू. आधी नुसता ल. मग लो. मग लोच. मी म्हटलं, तोडून म्हण. तू म्हणालास, तोडून कोणी हाक मारते काय? एकदा तू "सुलो" पर्यंत आलास आणि नेमकी त्याच वेळी तंगूस चिमट्यातून सुटली, गळाची काठी वाकली, मी ओरडले, मासा, मासा. तू माझ्याकडे पाहिलंसही नाही. डोळे मिटून "च, च" करत होतास. मोठा होता, दादा. गेला. मी चिडले तर तू म्हणालास, "तो पुन्हा येईन."

आपल्या शेवटच्या रविवारी ते आलं. काही तयारी नव्हती, तू पाण्याकडे बघत होतास, आणि म्हणालास, "सुलोचना." सरळ, अखंड. मी इंजिन बंद केलं. तू पुन्हा म्हणालास, मग तिसऱ्यांदा, तिसऱ्या वेळी थोडं मोठ्यानं, हाक मारल्यासारखं. काठावर कुणाच्या तरी म्हशी बसल्या होत्या, त्यांतली एक उठून उभी राहिली.

"चाल घरी," तू म्हणालास.

परत येताना तू मशीनवर हात ठेवून बसला होतास. म्हणालास, आता दुसरं मागव, उजवीकडे बसव. मी म्हटलं, पावसाळा जाऊ दे, पाहू. तू म्हणालास, तू जिद्दी हायेस. मी म्हटलं, तू काय कमी हायेस? ते भांडण तिथे राहिलं.

सोमवारी मी फोन केला. "म्हटलं का?"

"नाही. पाहुणे... होते. निवांत... म्हणायचं हाये. समोर... उभं राहून," तू दबक्या आवाजात म्हणालास.

मंगळवारी दुपारी दुसरा झटका आला. वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. खाली आल्या तेव्हा तू दिवाणाजवळ, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून पडला होतास. तू नुसता पाणी घ्यायला उठला होतास की कुठे निघाला होतास, हे आता कुणालाच कळणार नाही. मी आले तेव्हा तुला खाली घेतलं होतं. लोक रडत होते. माझ्या मनात आलं, बोटीची बॅटरी चार्जिंगला लावायची राहिली. स्मशानातही तेच येत होतं. बॅटरी, बॅटरी.

म्हणून काल मी ती आणायला निघाले. चप्पल घालत होते तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मीबी येते." मी फाटक उघडं धरलं.

दुपारची वेळ होती, पाणी स्थिर होतं. मी ताडपत्री काढली. वहिनी काठावर उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "बांधेल हाये न पक्की?" मी म्हटलं, हाये. त्यांनी माझा खांदा धरला आणि पाय आत टाकला. मधल्या फळीवर बसल्या, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून, डोळे पायांकडे. बोट हलली तशी त्या थांबल्या आणि मग हळूहळू मान वर केली.

"हे इथं बसत?"

"हो. तुम्ही बसल्या तिथंच."

त्या मशीनकडे बघत होत्या. कशाला असतं, मी सांगितलं. त्या ऐकत होत्या की नाही, माहीत नाही. मग म्हणाल्या, "बेबीताई, एक सांगा. लकवा झाल्यापासून त्यायनं मले नावानं हाक नाही मारली. एक डावबी नाही. माया मनात येत जाय, त्या दिवशी दवाखान्यात न्यायले मले उशीर झाला. गाडी मिळेना, मी घाबरून गेलती. त्याचाच राग असन त्यायच्या मनात. मी विचारलं नाही. काय विचारू? आन् आता तर झालंच सगळं."

दादा, तू मला कुणाला सांगू नको असं म्हणाला नव्हतास. आणि म्हणाला असतास तरी मी तुझं ऐकलं नसतं.

मी बॅटरीची वायर तशीच हातात ठेवून त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. ल पडते ते. च पडते ते. चमच्याचं. सुटलेल्या माशाचं. शेवटच्या रविवारचं, म्हशीचं, सोमवारच्या फोनचं.  वहिनींचे हात कडांवरून सुटले होते आणि मांडीवर आले होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. माझ्या डोळ्यांत काही नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "कसं म्हणत? म्हणून दाखवा."

मी म्हटलं, "पहिलं की शेवटचं?"

"सगळं."

मग मी म्हटलं. तू म्हणायचास तसंच, तोंड एका बाजूला ओढून. सुओना. मग ल लावून. मग सुलो, आणि च वर अडकून, पुन्हा मागे येऊन. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. शेवटी मी मान वर केली आणि रविवारी तू म्हणाला होतास तसं, थोडं मोठ्यानं, हाक मारल्यासारखं म्हटलं, "सुलोचना."

वहिनींनी ओ दिली.